बाटलीची तहान

गुरांच्या दवाखान्यात औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. औषधाला मुदत असते, किश्शाला नसते! सत्तरच्या दशकात मी वाशिमला कंपाउंडर होतो, तेव्हाचे हे.

गुरांमध्ये बुळकांडीची साथ होती. लस यायची ती गोठवून वाळवलेली, इवल्या बाटलीच्या तळाशी पांढरी टिकली. गार सलाईनमध्ये विरघळवून लगेच टोचायची. अनसिंगला ती पाहून सखाराम पाटलांनी बैल माघारी वळवला. "शयरात ओलं औषध, अन् आमाले वाळलेलं काहून?"

पुण्याकडचे आमचे डॉक्टर समजावून दमले. शेवटी त्यांनी सलाईन भरलेल्या सिरिंजची सुई बाटलीच्या बुचात खुपसली. आतली हवा आधीच काढलेली, त्यामुळे दट्ट्या न दाबताच पाणी सरसर आत गेलं. पाटील वाकून पाहत राहिले. "तहानलेली हाय हे बाटली!"

बैल परत आला. पण तेव्हापासून बाटली पाणी पिताना पाहिल्याशिवाय कोणी जनावर पुढे करेना.

*

शेलूबाजारला लस गार ठेवायचा थर्मास ओसरीवर ठेवून आम्ही गोठ्यात गेलो. परत आलो तर गारेगार लिंबूशरबत हजर. डॉक्टरांनी दोन ग्लास रिचवले. "एवढ्या उन्हात बर्फ कुठून आणलात?"

"तुमच्याच डब्यातला, सायेब. बाटल्या नीट चुलीपाशी ठेवल्या हाय."

*

मग वरून तपासणीला मोठे साहेब आले. लस गार आहे ना, म्हणून जीप थांबेल तिथे थर्मास उघडून बोट घालायचे. दुपारपर्यंत बर्फाचं कोमट पाणी झालं. साहेब आमच्यावर भडकले.

शिपाई महादेव शांतपणे म्हणाला, "सायेब, एकडाव न पाहता पाहा."

*

पोहरादेवीच्या वाटेवरच्या वस्तीत गयाबाईची एकुलती एक म्हैस होती. तिच्या दुधावरच घर चालायचं. तिचा नंबर आला तेव्हा एकच बाटली उरली होती. सुई खुपसली. पाणी हललंच नाही. बाटलीत हवा शिरली होती, लस बाद.

"थांबा जरा," गयाबाई म्हणाली. "तहान नसन तिले."

डॉक्टरांनी बाटली फेकली. साथ शेजारच्या गावापर्यंत आली होती. गयाबाई म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मला फार वाईट वाटलं. "उद्या नवी घेऊन येतो," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नेमकी जीप बंद. फाट्यापासून भर उन्हात थर्मास खांद्याला लावून आम्ही चालत पोचलो. गयाबाई दारातच तांब्या घेऊन उभी. डॉक्टरांच्या घशाला कोरड पडली होती, त्यांनी हात पुढे केला.

तिनं तांब्या मागे घेतला. "काल नुसतं पाणी देलं, म्हनून रुसली ते बाटली. आज गूळ घातला हाय. पयले तिले, सायेब. तुमाले मंग."