हेल्मेट ओढू नका

शिरूर तालुक्यात हेल्मेट घाला असं सांगणारे पुष्कळ सापडतील. ते काढू नका असं सांगत फिरणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या नवऱ्याचा मामा आहे. रांजणगावच्या एका कारखान्यातल्या सुरक्षा विभागातून मामा निवृत्त झाले, पण सुरक्षा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. पेट्रोल पंपावर रांगेत उभा असलेला अनोळखी माणूसही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. "तुम्ही रस्त्यात पडलात, तर लोक पळत येऊन आधी काय करतील?" असं ते त्याला विचारतात. तो बिचारा सटकायला बघतो, तेव्हा मामाच उत्तर देतात, "हेल्मेट ओढतील आन् पाणी पाजतील. दोन्ही चूक!" एका लग्नात नवरदेवाचा घट्ट बसलेला फेटा कुणीतरी ओढून काढायला लागलं, तर मामा भर मांडवात ओरडले, "मान धरा आधी!" निवृत्तीनंतर मामा फार बदलले, असं मी एकदा मामींना म्हणाले. त्या म्हणाल्या, "बदलले कुठं? आधी नुसते विक्षिप्त व्हते, आता रिकामे बी हायेत."

मामांना कुठूनतरी एका उपकरणाचा शोध लागला. हेल्मेटच्या आत टाळूपाशी सरकवायची चपटी रबरी पिशवी, तिला नळी, नळीला हातपंप. पंप दाबला की पिशवी फुगते आणि हेल्मेट हळूहळू वर सरकतं. मान हलत नाही. दौंडकडच्या माळावर मातीतल्या मोटारसायकलींच्या शर्यती होतात, आणि तिथे एक डॉक्टरबाई दोन मदतनीस घेऊन जीपमध्ये बसून असतात. जिथे माणसं हौसेनं पडतात तिथे ही वस्तू हवी, असं मामांनी ठरवलं. त्यांनी सहा संच मागवले आणि बाईंकडे चार रविवार जाऊन ते वापरायलाही शिकले. सामानाची यादी करणं माझ्याकडे आलं, कारण आमच्या घरात याद्या माझ्याकडेच येतात. पिशव्या सहा, पंप सहा, पट्टा कापायच्या कात्र्या सहा. सूचनापत्रक मात्र मामांनी स्वतः लिहिलं. पहिली सूचना: ओढू नका. दुसरी: ओढू नका. तिसरी: वरच्या दोन पुन्हा वाचा. मी दुसरी आणि तिसरी खोडली. छापून आलेल्या पत्रकात दोन्ही जागच्या जागी होत्या.

या वेडाचं मूळ घरात सगळ्यांना माहीत आहे. बोलत कुणी नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी शिफ्ट सुटल्यावर मामा आणि त्यांचा कारेगावचा मित्र आपापल्या गाड्यांवरून शिक्रापूरकडे निघाले होते. मित्राची गाडी घसरली. मामांनी धावत जाऊन त्याचं हेल्मेट ओढून काढलं आणि तोंडावर पाणी मारलं. आपल्याकडे सगळेच करतात तेच. मित्र वाचला, पण त्याचे हात पुन्हा उचलले गेले नाहीत. पडताना झालं की ओढताना, हे मामा भेटेल त्या डॉक्टरला विचारत आले आहेत. या डॉक्टरबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "मामा, तेव्हा मी तिथे असते तरी मला सांगता आलं नसतं." मित्राला मात्र मामांनी कधी विचारलं नाही.

उपकरणं द्यायला आम्ही रविवारी सकाळी दौंडच्या माळावर गेलो. आयोजकांनी मांडव घालून टेबल सजवलं होतं. सहाही खोक्यांना हार, हळदकुंकू आणि लाल फीत. प्रमुख पाहुणे येऊन नारळ फोडतील, फीत कापतील, मगच खोकी उघडायची असं ठरलेलं. पाहुण्यांचा पत्ता नव्हता, शर्यत मात्र सुरू झाली. मामा तीनदा म्हणाले, "निदान दोन तरी उघडा." तीनदा उत्तर आलं, "मामा, पूजेचं हाय ते. पाच मिनिटं थांबा."

तेवढ्यात समोरच्या चढावर चाळिशीचा एक स्पर्धक गाडीसकट उलटला. माळावर मेंढरं चारणारे दोघे सर्वांआधी पोचले आणि त्यातल्या एकाने हेल्मेटला हात घातला. "ओढू नका!" मामा इतक्या जोरात ओरडले की तो माणूस जागीच थिजला. मग मामांनी फीत तोडली, हारासकट एक खोकं उचललं आणि सत्तरीच्या गुडघ्यांनी चढ चढायला लागले. मी फीत कापायला ठेवलेली कात्री घेऊन मागे.

डॉक्टरबाई जीपने आधीच पोचून त्याच्यापाशी गुडघे टेकून बसल्या होत्या. "श्वास घरघरतोय, हेल्मेट काढावं लागेल. माझा एक माणूस खालच्या वळणावर आहे. मामा, मान तुम्ही धरा."

"मी न्हाई," मामा मागे सरले. "या हातांनी न्हाई."

"मामा, पत्रक कुणी लिहिलंय? बसा खाली."

मामा बसले. त्यांनी दोन्ही हातांनी मान धरली आणि डोळे मिटून घेतले. मदतनिसाने पट्टा कापला, बाईंनी पिशवी आत सरकवली आणि पंप दाबायला घेतला. हेल्मेट बोटभर वर आलं, मग आणखी बोटभर, मग सुटलं. थोड्या वेळाने त्या माणसाने पायाची बोटं हलवली आणि पहिलं वाक्य बोलला, "गाडीला काय झालं?"

परतताना मामा म्हणाले, "सूनबाई, गाडी कारेगावला घे."

मित्र अंगणात खुर्चीवर बसला होता. त्याच्या बायकोने चहा आणून दिला. मामांनी एक कप उचलून, नेहमीसारखा फुंकून, त्याच्या तोंडाशी नेला आणि सकाळची सगळी हकीकत सांगितली. मग कपाकडे बघत म्हणाले, "तुझं मी ओढलं व्हतं."

"ठावं हाय की," मित्र म्हणाला. "आत जीव गुदमरत व्हता माझा. तू काढलंस, तवा वारं लागलं तोंडाला."

हे खरं होतं की मामांसाठी होतं, मला कळलं नाही, आणि मी विचारणार नाही. मामांचा हात कपासकट तसाच राहिला. चहावर साय धरायला लागली.

"दे की आता," मित्र म्हणाला, "का निवल्यावर पाजतोस?"