धारूरच्या मावशी आणि लेन्सची टोपी

आज मला लेन्सच्या टोपीबद्दल एक गंभीर तक्रार करायची आहे. जगात इतके शोध लागले, पण लेन्सला धरून राहील अशी टोपी काही कुणाला करता आली नाही... माझी मूळ टोपी दिवाळीआधी धारूरला हरवली. नवी आणली ती सैल. वाकलं की पडते, शिंकलं की पडते. कलियुगाची लक्षणं सांगताना ऋषींकडून नेमकं हेच एक राहून गेलं.

असो. आपल्या फोटोग्राफीच्या ग्रुपवर या आठवड्याचा विषय आहे, ‘अलीकडचा आवडता फोटो आणि त्यामागची सामग्री’. माझी सामग्री बेताची... जुना कॅमेरा, पन्नास एमएमची लेन्स, एकच मेमरी कार्ड, आणि शाळेत संस्कृत शिकवणाऱ्याला लागते तेवढी चिकाटी. फोटो तुम्ही पाहिलेलाच आहे. सीताफळांच्या पाटीवरचे ते दोन हात.

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सांगतो. किल्ल्यावरून सूर्यास्त काढायला मी बीडहून एसटीने धारूरला गेलो होतो. बाजारात एक मावशी सीताफळं घेऊन बसल्या होत्या. एकेक फळ अंगठ्याने हलकेच दाबायचं आणि तीन ढीग लावायचे... आज खायचं, उद्याचं, परवाचं.

मी उकिडवा बसलो आणि फोकस बोटांवर धरला. मागे त्यांचा चेहरा छान धूसर झाला. आपल्या पंथात यालाच मोक्ष म्हणतात.

मावशींचं लक्ष गेलं. “हाताचा कावून काढता ओ दादा? तोंडाचा काढा की. थांबा जरा.”

त्या उठल्या, हात पुसले, डोईवरचा पदर सारखा केला आणि ताठ उभ्या राहिल्या. हसू बंद, नजर थेट कॅमेऱ्यात. मी दोन काढले. कुठले, काय करता, अशी चौकशी झाली. फोटो आणून देतो असं मी कबूल केलं. निघताना त्यांनी एक सीताफळ माझ्या हातावर ठेवलं. “ह्ये उद्याचं हाय. आज दाबून बगू नका.”

आता आपलं तत्त्वज्ञान तुम्हाला ठाऊक आहे. माणूस कॅमेऱ्यात बघत असला की तो ‘पासपोर्ट फोटो’. हा सिद्धान्त ग्रुपवर मोठ्या तोऱ्यात मीच मांडला होता.

संध्याकाळी किल्ल्यावर ऐन वेळी कार्ड भरलं. सूर्य टेकायला आलेला... मी घाईघाईने मागचे फोटो चाळले, ते दोन पासपोर्ट दिसले, आणि फसलेल्या काही फोटोंबरोबर उडवले. त्यांच्या जागी सूर्यास्त आले. अकरा आहेत. सगळे सारखेच.

हातांचा फोटो तुम्ही डोक्यावर घेतलात. मी त्याला ‘करकमल’ नाव दिलं, त्याचंही कौतुक केलंत. गेल्या आठवड्यात तोच मोठा करून, फ्रेम लावून, मी मिरवत धारूरला घेऊन गेलो. वाटलं, मावशी खूश होतील.

त्यांच्या जागेवर तिशीतली एक बाई बोरं विकत बसली होती. मी फ्रेम दाखवून मावशींची चौकशी केली. तिने हात लगेच ओळखले. “माज्या आईचे हायेत.” मावशी संक्रांतीच्या आधीच गेल्या होत्या. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं...

फ्रेम मांडीवर घेऊन ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग उलटी करून मागची बाजूही बघितली.

“आन् तोंडाचे?”

मी तिच्या पाटीतली बोरं बघू लागलो.

“आई सांगत व्हती, बीडचे एक सर आलते, डोईवर पदर घिऊन माजे दोन फोटू काढलेत, आणून देनार हायेत. घरात तिचा आधारकार्डावरचा तेवडा एक हाय ओ सर. त्यात ती आईसारकी दिसतच न्हाई. चोरट्यासारकी दिसती.” ती हसली. मग मीही हसलो. “भिताडावर लावाय पायजे तिचा.”

एवढं बोलून तिने पिशवीत हात घातला आणि काळं काहीतरी माझ्यापुढे धरलं. माझी लेन्सची टोपी. “पाटीत पडलती. सर येतील तवा द्यायची म्हनून आईनं ठिवली व्हती.”

मी काय म्हणालो असेन? “घरी जाऊन कार्ड बघतो... असतील.” वर्षानुवर्षं पोरांना सुभाषितं पाठ करायला लावणाऱ्या मला एक सरळ खरं वाक्य जमलं नाही. ती म्हणाली, “लई बरं हुईल बगा,” आणि ओंजळभर बोरं पिशवीत घातली.

घरी येऊन उडालेले फोटो परत आणणारी दोन सॉफ्टवेअर चालवली. मग कार्ड घेऊन ओळखीच्या फोटोवाल्याकडे गेलो. त्याने बराच वेळ खटपट केली आणि मला विचारलं, “सर, ह्ये एवढे सूर्यास्त कावून ठिवलेत?”

जुनी टोपी आता लेन्सवर घट्ट बसली आहे. तक्रारीला जागा उरलेली नाही.

रोज डोळे मिटून मावशींचा चेहरा आठवून बघतो. बोटं आठवतात, अंगठ्याच्या नखावरचा डाग आठवतो, शटर स्पीडसुद्धा आठवतो. चेहरा मात्र फोटोत आहे तसाच येतो... धूसर.

परवा पुन्हा बाजार आहे. ती वाट बघत असेल. जाऊन खरं सांगायचं, एवढंच काम आहे. पण मी मला ओळखतो... परवा शाळेची अडचण निघेल, पुढच्या बाजाराला आणखी काही. खरी भीती ही वाटते, की मी आता धारूरला जाणंच बंद करीन.