डोरीनच्या अंगणातली थडगी

डोरीनच्या अंगणात ज्याचं थडगं नाही, तो माणूस अजून आमच्या गल्लीचा झालाच नाही असं खुशाल समजावं.

डोरीन हुलॅक माझ्या समोरच्या घरात राहते. जन्मभर तिनं शाळेची बस चालवली, त्यामुळे आवाज असा की तिनं तिच्या दारातून नुसतं "ए" म्हटलं की आमच्याकडे माझा नवरा खुर्चीतून उठून उभा राहतो. निवृत्त झाल्यापासून ऑगस्ट सरला की ती गॅरेजचं दार वर करते आणि हॅलोविनची, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या भुताखेतांच्या सणाला अंगणात मांडायची, खोटी थडगी करायला बसते. थंडी अडवायला भिंतीत घालतात त्या गुलाबी फोमच्या जाड पाट्या आणायच्या, करवतीनं कापायच्या, तापल्या सुरीनं अक्षरं कोरायची. मग भिंतीला देतात तो पाण्यातला रंग ब्रशनं लावायचा, तो वाळला की दुसरा हात, त्यावर काळपट ओघळ, आणि तळाशी मॅपलच्या झाडाखालचं खरं शेवाळ चिकटवायचं. उचलायला पिसासारखी ही वस्तू, पण दगड समजून उचलायला जाणारा आधी कमरेवर हात ठेवतो.

थडगी जिवंत माणसांची असतात. वर्षभरात ज्यानं जो गाढवपणा केला असेल तो दोन ओळींत. मागच्या वर्षी गाडी मागे घेताना मी दारातली पत्रपेटी पाडली, तेव्हा माझं होतं:

आरशात न बघता मागे गेली,
पत्रपेटीसकट वर गेली.

मी तोंड फुगवून बसले आणि मग त्याचा फोटो बहिणीला पाठवला. सगळे असंच करतात. वरवर रागवायचं, आणि ऑक्टोबर लागला की तिच्या अंगणासमोर गाडी हळू करून आपलं नाव शोधायचं.

तिच्या शेजारच्या वेंडेलचं थडगं मात्र दरवर्षी तेच, कारण गुन्हा तोच:

इथे निजला वेंडेल थोर,
शेजारच्या शिडीचा चोर.

शिडी डोरीनची. त्यानं ती कधी नेली हे आता दोघांनाही आठवत नाही. वेंडेल निवृत्त प्लंबर, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. हॅलोविनच्या संध्याकाळी दारोदार फिरणाऱ्या पोरांना गोळ्या वाटून संपल्या की दोघं डोरीनच्या पोर्चवर बसून तिनं केलेली चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, खातात आणि पोटभर भांडतात. त्या माणसाचा सण म्हणाल तर वर्षातून तेवढाच.

तर या सप्टेंबरात वेंडेल नेहमीसारखा कॉफीचा मग घेऊन गॅरेजच्या दाराला टेकला आणि म्हणाला, "एवढी मरमर कशाला करतेस गं? दुकानात तयार मिळतात. आणायची, खोचायची, मोकळं व्हायचं."

"हो का," डोरीन म्हणाली. तिची सुरी थांबली नाही.

मी तिथेच होते. वेंडेलच्या तोंडावर हात ठेवावा असं मला फार वाटलं, पण बुद्धी फिरली की माणूस थांबत नाही. "आणि पोरांना काय कळतंय? फोम तो फोमच."

ऑक्टोबरात थडगी उभी राहिली. माझं होतं, टपालवाल्याचं होतं, नुकत्याच राहायला आलेल्या जोडप्याचंसुद्धा होतं. वेंडेलचं नव्हतं. तो रांगेतून पुढून फिरला, मागून फिरला आणि माझ्याकडे आला.

"वाऱ्यानं उडालं असेल का?"

"तिच्या थडग्यांच्या पाठीत नळी असते आणि जमिनीत सळई. वादळात तुझं छप्पर उडेल, तिचं थडगं नाही."

"मग?"

"मग काय, या वर्षी तू वाचलास."

त्याला हसू आलं नाही. "म्हणजे चिलीलाही नाही बोलावणार," तो म्हणाला. मला त्याची कीव आली, पण मी ती दाखवली नाही. दुसऱ्याच्या कष्टाला नावं ठेवली की असं व्हायचंच.

मग गडी पेटला. फोम आणला, कापला, नाव कोरलं, खाली आणखी काही कोरलं. हात कारागिराचा, त्यामुळे इथवर बरं जमलं. पण ब्रश, वाळवणं, पुन्हा ब्रश, एवढा धीर कुणाला? त्यानं फवाऱ्याच्या रंगाचा डबा घेतला आणि थेट फोमवर मारला. त्या रंगातलं रसायन फोम विरघळवून टाकतं, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. वेंडेल इतकी वर्षं त्या गॅरेजात उभा राहिला तो फक्त बोलायला.

दुपारी डोरीन पानं गोळा करायला बाहेर आली, तर दोन अंगणांच्या मधे विटेला टेकवलेलं ते प्रकरण. उंदरांनी पाव कुरतडावा तशी त्याला भोकं पडलेली. वर 'वेंडेल' कसंबसं वाचता येत होतं, खाली नुसते खड्डे.

डोरीननं खाली वाकून त्या खड्ड्यांवरून बोट फिरवलं. वेंडेल त्याच्या पायरीवर बसला होता, हात कोपरापर्यंत करडे.

"खाली काय लिहिलं होतंस?"

"माफी मागितली होती."

"एवढी मोठी?"

"पुन्हा पुन्हा मागितली होती."

डोरीननं तो ठोकळा काखेत मारला आणि गॅरेजचं दार आतून ओढून घेतलं.

हॅलोविनच्या सकाळी तिच्या अंगणात रांगेच्या अगदी पुढे ते कुरतडलेलं थडगं सळईवर ताठ उभं होतं. वाईट काम ज्या बाईनं कधी अंगणात ठेवलं नाही, तिनं ते ठेवलं. भोकांत शेवाळ भरलं होतं, आणि शेजारी तिच्या हातचं नवंकोरं थडगं:

इथे निजला वेंडेल वीर,
फोमलाही धरवला नाही धीर.

वेंडेलनं वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग घरी गेला आणि शिडी खांद्यावर टाकून परत आला. ती शिडी इतकी जुनी होती, हे मी विसरूनच गेले होते.

त्यानं ती पोर्चला टेकवली. "घे बाई. तुझी."

डोरीन दारात आली, हातात चिलीचा डाव. "ती आधी घरी ने," ती म्हणाली. "नाहीतर पुढच्या वर्षी तुझ्या थडग्यावर मी लिहू काय?"