दिगूचं शेवटचं कार्ड

जिंतूरहून फोन आला तेव्हा मी अंगणात तूर वाळत घालत होते. लग्नाचं शूटिंग करायला दिगू सकाळच्या एसटीने गेला होता. फोनवर नवरीचे मामा होते. "तुमी दिगंबररावच्या कोण?" त्यांनी विचारलं. बहीण, असं मी सांगितलं. मागे मांडवातला गलका ऐकू येत होता. शेवटी म्हणाले, "बाई, घरात कुणी माणूस असंल तर त्याच्याकडं द्या फोन." आमच्या घरात माणूस म्हणजे दिगूच होता. तेव्हाच मला कळलं. अक्षता पडायच्या आधी त्याच्या छातीत कळ आली, कॅमेरा खाली ठेवून तो खांबाला टेकून बसला आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. अडतीस वर्षांचा होता. त्याला आता सात आठवडे झाले.

दिगू माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. आई रानात जायची, म्हणून चौथीनंतर मी त्याला सांभाळायला घरी राहिले. पुढे माझं लग्न झालं आणि दोन वर्षांत मी परत आले. दारात सगळे नुसते बघत उभे होते. दहा-बारा वर्षांच्या दिगूने काही न विचारता माझी पेटी उचलून आत नेऊन ठेवली. आई-वडील गेल्यावर चुडाव्याच्या त्या घरात आम्ही दोघंच उरलो. मला चार माणसांत बोलता येत नाही. पाहुणे आले की मी चहा आत ठेवून बाहेर निघून जायचे. बोलायचं काम त्याचं होतं.

पूर्ण्याला स्टुडिओवाल्या रफीकभाईंबरोबर तो लग्नांचं शूटिंग करायचा. एकदा एका वऱ्हाडाबरोबर कोकणात गेला आणि वऱ्हाड परत आलं तरी हा आला नाही. दोन दिवसांनी आला तो रापणीचं सांगत. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडीतून ते समुद्रात गोल सोडतात आणि सगळा गाव मिळून दोन्ही टोकांनी दोरी धरून किनाऱ्यावर ओढतो. ज्याने दोरीला हात लावला त्याला माशातला वाटा. त्यानंतर दर पौषात, लग्नं नसायची तेव्हा, तो कॅमेरा घेऊन निघायचा. या बंदरावरून त्या बंदरावर, कधी एसटीने, कधी होडीने, जुन्या पद्धतीने मासे धरणाऱ्यांच्या फिल्मा काढत. पहिले दोन-तीन दिवस तो कॅमेरा पिशवीतून काढायचाच नाही, नुसती दोरी ओढायचा. वाट्याला आलेले मासे ज्या घरी झोपायचा त्या घरी द्यायचा. परत आला की तळहात सोललेले असायचे. मी हळद-तेल लावायचे आणि तो कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर मला सगळं दाखवायचा. मी समुद्र पाहिला तो तेवढाच, हाताच्या पंजाएवढा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी विचारलं, "एवढ्या पाण्याला बांध कुठाय रे?" तो म्हणाला, "बांध असता तर भावकीनं कवाच फोडला असता." चुलतकाका त्याला चिडवायचे, "आपली गोदावरी आटली का रे, तिकडं मासे बघायला जायलास?" तो म्हणायचा, "काका, तुमाला बघायला तरी कोण यायलंय?"

या पौषातही तो गेला. मालवणच्या अलीकडे एका गावात तो वर्षानुवर्षं एकाच घरी उतरायचा. तिथले म्हातारे रापणीचे तांडेल होते. तांडेल म्हणजे जाळं कधी आणि कुठे सोडायचं ते सांगणारा मुख्य माणूस. त्यांना एकच मुलगी, सुगंधा. तिने वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं आणि अकरा वर्षं म्हाताऱ्यांनी तिचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. दिगू तिथून आला आणि तिसऱ्याच दिवशी म्हाताऱ्यांना लकवा मारल्याचं कळलं. जीव वाचला, वाचा गेली. सुगंधा माहेरी धावत आली आणि आईकडून नंबर घेऊन तिने दिगूला फोन केला. तो बोलत होता तेव्हा मी तिथेच दाण्याचं कूट करत होते. तो म्हणाला, "ताई, बाबा तुमच्याबद्दल बोललेत. काय बोलले ते मी न्हाई सांगणार, तुमी त्यांच्याच तोंडून ऐका. पाठवतो मी." फोन ठेवून मला म्हणाला, "आक्का, डिस्क भरलीय. जिंतूरचं लग्न झालं की परभणीहून नवी आणतो आन् पयलं काम हेच."

प्रवासात तो एक खाकी जाकीट घालायचा, पुष्कळ खिशांचं. या पौषात कोकणातून आल्या आल्या ते खुंटीला लावत मला म्हणाला, "आक्का, हे धुवायला टाकू नको बरं का." मी बरं म्हणाले. का, ते विचारलं नाही. आणि मी खरंच धुतलं नाही.

दहाव्याला पुरुषमंडळी गोदावरीला निघाली. काका दारात येऊन म्हणाले, "त्याच्या अंगावरचं, आवडीचं एखादं कापड दे माय, नदीत सोडायला." आमच्यात तशी रीत आहे. पेटीत नवे शर्ट होते. पण मला वाटलं, आवडीचं म्हणजे आवडीचंच द्यावं, हात आखडू नये. मी खुंटीवरचं जाकीट काढलं. त्याला घामाचा आणि मिठाचा वास येत होता. घडी घालून, वर हळदकुंकू वाहून, माझ्या हाताने मी ते काकांच्या हातात दिलं...

तेराव्यानंतर रफीकभाई आले. डिस्क, कॅमेरा, सगळं त्यांनी तपासलं. "आपा, या दौऱ्याचं कायच न्हाई यात. त्याचं जाकीट कुठाय? कॅमेऱ्याचं भरलेलं कार्ड तो आतल्या खिशात ठेवायचा, वरून पिन लावायचा. पडू नये म्हणून."  मी काय केलं ते सांगितलं. चहा तसाच ठेवून ते उठले आणि जाताना दाराशी म्हणाले, "तुमाला कुणी सांगितलंच नव्हतं, आपा." पण सांगितलं होतं. धुऊ नको म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच नदीवर गेले. चुडाव्याबाहेर मी एकटी कधी गेले नव्हते. घाटाच्या खालच्या अंगाला पाणी वळतं, तिथे बाभळीच्या झुडपांत कपडेच कपडे अडकले होते. धोतरं, लुगडी, एका लहान मुलीचा परकर. कुणाकुणाचे, कोण जाणे. मी पाण्यात उतरले आणि एकेक ओढून काढून खिसे चाचपायला लागले. गेलेल्या माणसांचे खिसे... एकात सुपारी निघाली, एकात एसटीच्या तिकिटाचा लगदा. गुरं घेऊन आलेली एक म्हातारी काठावरून ओरडली, "काय हुडकायलीस गं माय?" मी जाकीट म्हणाले. "गेलेल्याचं कापड हुडकत न्हाईत. ये वर." मी वर गेले नाही. एक भोई पाण्यात जाळं टाकत होता. त्याला मी सांगितलं, कसं सांगितलं ते माझं मला ठाऊक नाही. त्याने माझ्यासाठी पाच-सहा वेळा जाळं टाकलं. दर वेळी चिंध्या वर यायच्या. "इथं माशापरीस कपडेच जास्ती हायेत, बाई," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने आणखी दोनदा टाकलं. उन्हं कलली तेव्हा त्यानेच मला धरून बाहेर काढलं. म्हणाला, "ते गेलं. पाण्याला कोण विचारणार?"

सुगंधाला दिगू गेल्याचं मीच फोनवर सांगितलं होतं. ती खूप रडली. नंतर महिनाभराने तिने पुन्हा फोन केला. आधी माझी चौकशी केली, जेवता का, सोबतीला कोणी आहे का. मग हळूच म्हणाली, "ताई, बाबांचा कायतरी भाऊ पाठवतले हुते..." मी म्हणाले, बघते. पुढच्या आठवड्यात तिचा परत फोन आला, मी परत बघते म्हणाले. तिसऱ्यांदा मी फोन वाजू दिला. चुलीपुढे बसून वाजणाऱ्या फोनकडे बघत राहिले. ती बिचारी वाट बघत होती, तिचे वडील तिच्यासमोर पडून होते, आणि मी घरात चोरासारखी बसले होते.

गेल्या सोमवारी दुपारी मी स्वतःच फोन लावला. जाकीट, कार्ड, नदी, सगळं एका दमात सांगून टाकलं. ती शिव्या देईल असं वाटत होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "ताई, तुमी बगितलास काय ता?"

मी बघितलं होतं. हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, रफीकभाईंनाही नाही. कोकणातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दिगूने त्याच्या खोलीत बाजेवर बसून मला दाखवलं होतं. नंतर कार्ड काढून कुठे ठेवलं, ते मात्र मी पाहिलं नव्हतं.

"मगे सांगा," ती म्हणाली. "थांबा, फोन मोठ्यान लावतंय. आवशीक आयकांदे. बाबा पण हयच आसत."

चार माणसांत न बोललेली मी... तिकडे तिची आई, बाबा, सगळं घर कान देऊन बसलं होतं. मी डोळे मिटले आणि सांगायला लागले. बाबा होडीच्या सावलीत बसलेत, जाळं विणतायत. सांगतायत की माशांचा थवा आला की पाणी जांभळं दिसतं, मग टेकडीवरून शर्ट हलवून खाली खूण करायची. मध्येच चष्मा शोधायला लागले, तर तो कपाळावरच होता. दिगूचा हात पडद्यावर येऊन कपाळाकडे दाखवतो आणि बाबा हसतात. तिकडे सुगंधाची आई हसली. "तसोच तो," ती म्हणाली. "पयल्यापासून." मला धीर आला. मी सांगितलं, मग बाबांनी जाळं बाजूला ठेवलं, समोर बघितलं आणि म्हणाले, आता पोरीचं सांगतो.



"फुडे?" सुगंधाने विचारलं.

पुढे दूध उतू चाललं होतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले होते. "जा तू, परत लावतो," दिगू म्हणाला होता. "कुठं पळून जायलंय ते." दूध उतरवून झालं तर शेजारची विरजण मागायला आली, आणि ते परत लावणं राहून गेलं.

त्या क्षणी एखादं वाक्य माझं मी जोडू शकले असते. बाप मुलीबद्दल काय बोलेल ते कुणालाही सुचेल. माझ्या ओठावर आलंही होतं... सुगंधाने ते जन्मभर जपलं असतं. पण ज्यांचं बोलणं ते तिथेच पडून ऐकत होते. त्यांना माहीत होतं आपण काय बोललो ते. मी म्हणाले, "पुढचं मी ऐकलं नाही, ताई. मी उठून गेले होते."

मग फोनमधून एक आवाज यायला लागला. घशातून, ओढून काढल्यासारखा. परत परत तोच. "बाबा, हळू... बाबा, ऱ्हवांदे," सुगंधा म्हणत होती, पण तो थांबत नव्हता. ते सांगत होते. मी फोन कानाला घट्ट धरला, एखादं अक्षर तरी कळेल म्हणून. काही कळलं नाही. कितीतरी वेळाने सुगंधा फोनवर आली. एवढंच म्हणाली, "ताई, काय आठवला तर फोन करा."

आमचं स्वयंपाकघर आणि दिगूची खोली यांच्यामध्ये फक्त अर्धी भिंत आहे. छातीएवढी. वर सगळं मोकळं. दिगूने फिल्म थांबवली नव्हती, म्हणजे बाबांचं बोलणं माझ्या कानावर पडलंच असणार. कान होते, मी होते, तीन हातांवर दूध उतरवत उभी होते. ते कुठेतरी माझ्यात असलं पाहिजे. म्हणून आता रोज दुपारी मी त्याच वेळी दूध तापायला ठेवते आणि त्याच्या खोलीकडे पाठ करून उभी राहते. दूध वर येतं. बाकी सगळं आठवतं. सांडशी हातातून निसटली होती, तिचा आवाज आठवतो. शेजारणीच्या चपला वाजल्या होत्या. बाज करकरली होती. बाबांचा आवाज तेवढा येत नाही, समुद्राच्या आवाजासारखं नुसतं काहीतरी येतं. आणि त्यावर दिगूचा आवाज, अगदी स्पष्ट, भिंतीवरून...

"आक्का, हे ऐक की."

आणि माझा.

"ऐकायले."