गलाईवाल्याची खूण

विटा-सातारा एसटीत तिघांच्या बाकावर मी कडेला होतो; खिडकीशी एक बाई झोपल्या होत्या. डोकं शेजारच्या नवऱ्याच्या खांद्यावर. त्या गृहस्थांच्या हातात दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा इंग्रज साहेबाचे प्रेमावरचे, संसारावरचे निबंध होते. मी इंग्रजीचा मास्तर, पण असले निबंध मी परीक्षेपुरतेच शिकवले. यांनी तर ओळीओळीपुढे पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा केलेल्या. मी ओळख सांगून त्याबद्दल विचारलं.

"आमी गलाईवाले, सोनं गाळणारे," ते हळूच म्हणाले. "शिक्का बघून खरं मानत न्हाई, वितळवून बघतो. साहेबाचंबी तसंच, ओळ जगून पटली तरच खूण. तीस वर्षं परमुलखात हेच पुस्तक जवळ हाय."

रहिमतपूर गेलं तरी पान उलटेना.

"अवघड आहे का?"

"न्हाई वो. हात हलला तर मंडळी जाग्या व्हतील."

पान मी उलटलं. म्हातारपणी प्रेम बोलत नाही, नुसतं टेकून बसतं, अशा अर्थाची ओळ होती. पुढे जुनं, पुसट प्रश्नचिन्ह.

त्यांनी ओळ वाचली, खांद्याकडे पाहिलं. "मास्तर, माझ्या खिशातली पेन्सिल घ्या. तेवढी खूण तुमीच करा."

आयुष्यभर पेपर तपासले, पण बरोबरची खूण इतक्या जपून कधी केली नव्हती.