सालीतला धूर

तिला सगळे सूनबाईच म्हणत. सासरे म्हणत ते ठीक, पण बाटल्या न्यायला येणारा ट्रकवाला, बुचं विकणारा, पलीकडच्या बागेचा मालक, झाडून सगळे. लग्नाला इतकी वर्षं होऊनही बाईची ओळख कुणाची तरी सून एवढीच राहावी, यात कौतुक करण्यासारखं काही नाही. पण तिनं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. तिचे वडील बस चालवत आणि माहेरी दारूचा विषय निघाला की आई उठून आतल्या खोलीत जाई. त्या घरातली ही मुलगी द्राक्षबागेवाल्यांकडे पडली, आणि पडली ती थेट त्यांच्या तळघरात.

त्याचं असं झालं, की नवरा होता बागेतला माणूस. वेलींत त्याचा जीव. छाटणी, पाणी, पाखरं, पानांवरचे रोग, यांवर बोलायला लागला की समोरच्याचा चहा निवून जाई. पण घड तोडून क्रेटमध्ये पडले, की त्याचं काम संपलं. "पुढचं बाबांचं," असं म्हणून तो हात झटकून मोकळा. सासऱ्यांना तळघरात कुणीतरी हाताशी हवंच होतं. नवी सून तोंडानं कमी आणि हातानं जास्त चालते, हे त्यांनी हेरलं आणि तिच्या हातात पाइप दिला. तिचा अर्धा संसार मग टाक्या आणि पिंपांमध्येच झाला.

बागेत एकच जात होती, शिराझ. काळी, जाड सालीची. सासरे तिची एकाच तऱ्हेची वाईन करत. घड चिरडायचे, रस सालींसकट टाकीत आंबू द्यायचा, वर तरंगून येणारा सालींचा थर दिवसातून चार वेळा लाकडी दांड्यानं खाली दाबायचा, रंग शाईइतका गडद झाला की पिळून लाकडी पिंपांत भरायचा आणि दीड-दोन वर्षं त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. मिऱ्याच्या वासाची, जड, जिभेवरून लवकर न उतरणारी वाईन होई. शिराझ दुसऱ्याही वळणानं जाते, हे तिला हळूहळू कळत गेलं. कुणी तिची हलकी, त्याच वर्षी पिऊन टाकायची वाईन करतं, कुणी गोड आणि कडक करतं, कुणी फेसाळ. आणि साली चटकन बाजूला काढल्या तर गुलाबी. कारण रस मुळात जवळजवळ बिनरंगाचाच असतो; शिराझचा काळेपणा असतो तो सगळा सालीत.

"बाबा, एक टाकी गुलाबी करून बघू या?" तिनं एकदा ताकाला जाऊन भांडं न लपवता सरळच विचारलं.

"गुलाबी?" सासरे म्हणाले. "मग बाटल्या कशाला? सरबताच्या गाडीवर नेऊन ठेव."

ती दर तोडणीला विचारी आणि ते दर तोडणीला नवं काहीतरी सुनावत. एकदा म्हणाले, "मी मेल्यावर कर. पिंपं विकून टाक आणि तळघरात फुगे लाव." नवरा जेवता जेवता हसे. "करू द्या की बाबा. तिच्या गालांना शोभेल." मग सासरे त्याला, "तू आपल्या वेली बघ," म्हणत, आणि ती पानात बघत हसू दाबत असे. तिघांच्या घरात भांडण म्हणून एवढंच होतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्याशिवाय त्यांना जेवण गेलं नसतं.

मग एका उन्हाळ्यात डोंगर पेटला. घडांना काळा रंग चढत होता, तोडणीला अजून थोडा अवकाश होता. आग बागेत शिरली नाही, पण धूर खोऱ्यात उतरून बसला तो उठेचना. नवरा वरच्या ओळी भिजवून ठेवायला म्हणून टोकाच्या पंपाकडे गेला. वारा फिरला. माणसं त्याला शोधत वर पोचली तेव्हा पंप चालूच होता. त्याच्या अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती. त्याला धुरानं नेलं.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल फार सांगण्यात अर्थ नाही. घरात दोन माणसं उरली आणि दोघं एकमेकांना "जेवून घ्या" सांगत उपाशी राहिली. दवाखान्यातून आलेले त्याचे कपडे तिनं तीनदा धुतले, तरी सदऱ्याचा वास गेला नाही. चौथ्यांदा धुवायला घेतला आणि मग तसाच वाळत टाकला.

सासरे मात्र रोज सकाळी बागेत जायला लागले. घडातला एक मणी तोडून तोंडात टाकत आणि बी थुंकून म्हणत, "बघ, काय साखर भरलीय! काय पीक आणलंय माझ्या पोरानं!" ती खाऊन बघे. खरंच गोड होतं. धुराचा मागमूस नव्हता.

पण पलीकडच्या बागेचा मालक, ज्याला सगळे टोपीवाला म्हणत, तो कुंपणापाशी थांबून तिला म्हणाला, "सूनबाई, मी तर यंदा तोडणारच नाही. सगळं वेलीवरच सडू देणार. धूर सालीत मुरतो. खाल्लं तर कळत नाही. आंबलं की बाहेर येतो."

तिनं स्वयंपाकघरात एका बादलीत थोडे घड सालींसकट चिरडून आंबायला ठेवले. फसफस थांबली तेव्हा गाळून एक घोट घेतला. आधी फळ लागलं, मग मिरी, अगदी दरवर्षीसारखी. तिला बरं वाटलं. तिनं तो गिळला आणि घशातून राख वर आली. विझवलेल्या शेगडीत तोंड घातल्यासारखी. चूळ भरली, पाव खाल्ला, तरी जाईना. तो वास तिच्या ओळखीचा होता. वाळत टाकलेल्या सदऱ्याचाच होता तो.

ती पेला घेऊन सासऱ्यांकडे गेली, तर त्यांनी हातही लावला नाही. "बादलीत कुठं वाईन होते? बादलीचाच वास असेल." सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो हा असा.

"बाबा, साली लगेच काढल्या तर धूर येणार नाही. गुलाबी होईल, पण माणसाला पिता येईल."

"माझ्या पोराच्या शेवटच्या पिकाचं सरबत करू?"

"आणि राख करून पिंपात भरू?" तिचा आवाज चढला. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. "तुमचं पोर होतं ते. माझे कुणीच नव्हते का?"

वेली पुढच्या वर्षीही असणार होत्या, घडही लागणार होते, पण ते त्याच्या हातचे नसणार होते. त्याच्या हातचं हे शेवटचं. त्यातून मागे काय ठेवायचं, एवढाच प्रश्न होता. सासरे पोराची वाईन पोरासारखी काळी, पिंपातली, करायला बघत होते. ती बघत होती की त्याचं नाव घेऊन कुणी घोट घेतला तर त्याला थुंकावं लागू नये. चुकीचं कुणाचंच नव्हतं, आणि म्हणूनच त्यातून वाट निघेना.

"वाटणी कर," सासरे शेवटी म्हणाले. "खालच्या ओळी तुझ्या. वरच्या माझ्या. तिथं तो होता."

वरच्या ओळींनीच सर्वात जास्त धूर प्याला होता. तिला ते माहीत होतं. पण "तिथं तो होता" म्हटल्यावर ती "बरं" म्हणाली.

तोडणी झाली. तिनं आपले घड न चिरडता अख्खेच रस पिळायच्या प्रेसमध्ये घातले, हलक्या हातानं दाबले आणि साली रडून रंग सोडायला लागायच्या आत प्रेस थांबवला. रस कांद्याच्या सालीच्या रंगाचा निघाला. पलीकडच्या टाकीत सासऱ्यांनी आपला वाटा चिरडून घातला. सालींचा थर दाबायचं काम त्यांनी गुडघ्यांमुळे कधीच तिच्यावर सोडलं होतं, पण यंदा दांडा तिला देईनात. दुखऱ्या गुडघ्यांनी शिडी चढत आणि एकेक दाब देताना पोराशी काहीबाही बोलत. ते कानावर पडू नये म्हणून ती पाण्याचा नळ सोडून ठेवी.

गुलाबी काही महिन्यांतच बाटल्यांत गेली. शहरातला दुकानदार आला, पेला उजेडात धरून म्हणाला, "वा! काय हलकी आहे! उन्हाळ्यात हातोहात जाईल." त्यानं सगळी उचलली. सासऱ्यांनीसुद्धा एक घोट घेतला आणि "बरी झालीय," म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे मोठं बक्षीसच. इतकी वर्षं मागितलेलं पदरात पडलं होतं.

संध्याकाळी ती एकटीच पेला घेऊन बसली. स्ट्रॉबेरीचा वास होता, गार होती, स्वच्छ होती. धुराचा लवलेश नव्हता. आणि दुसरंही काही नव्हतं. तो ज्या वर्षी गेला त्या वर्षाची ही वाईन, आणि तिला त्याची गंधवार्ताही नव्हती. कुणाचंच काही गेलेलं नसावं अशी ती हसरी चव तिला सहन होईना. धूर काढता काढता आपण त्यालाच काढून टाकलं, असं तिच्या मनात आलं, आणि ती घाबरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासरे आडवे झाल्यावर ती तळघरात उतरली. त्यांच्या एका पिंपाचं बूच काढून काचेच्या नळीनं थोडी वाईन ओढून घेतली. राखच होती. बादलीतल्यापेक्षा जास्त. ती घाणेरडी चव तिनं थुंकली नाही. उलट्या क्रेटवर बसून राहिली आणि घशात जळकट वास होता तोवर नवराही जवळपास कुठेतरी होता. मग ती रोजच उतरायला लागली. हे वेडेपण आहे हे तिला कळत होतं. कळून उपयोग होता असं नाही. चेहरा उतरला, जेवण तुटलं. टोपीवाला म्हणाला, "सूनबाई, तब्येत बघा." ती म्हणाली, "हवा बदललीय."

सासरे आपल्या नेमाचे पक्के. पिंपाला वेळ द्यायचा म्हणजे द्यायचा. पुढची तोडणी येऊन गेली, आणखी काही महिने गेले, मगच एका सकाळी त्यांनी तिला हाक मारली. "चल. पोराची वाईन बघू."

त्यांनी नळी बुडवली, पेल्यात ओतली, नाक घातलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. "मिरी," ते म्हणाले. "आहे बघ. आहे!" आणि मोठा घोट घेऊन गिळला.

ती थांबून राहिली. राख वर यायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. सासऱ्यांनी पिंपाची कड धरली. थुंकले नाहीत, खोकलेही नाहीत. डोळे मिटून उभे राहिले.

"हे असं लागलं असेल त्याला," ते म्हणाले. "शेवटी."

तिनं त्यांच्या हातातला पेला घेतला.

"ओतून टाकू," ते म्हणाले.

"नको, बाबा."

"ज्यानं माझं पोर मारलं त्याला मी दीड वर्ष पिंपात घालून जपलं, सूनबाई! ओतून टाक."

"त्यातच आहेत ते," ती म्हणाली. "दुसरीकडे कुठंच नाहीत. मी बघितलं. मी रोज येते इथं. रोज पिते."

सासऱ्यांनी तिच्याकडे नीट बघितलं, बहुधा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. गळ्याची हाडं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं त्यांना एकदमच दिसलं असावं.

"रोज?"

"रोज."

"मग तर ओतायचीच," ते म्हणाले. "धुरानं एकाला नेलं. दुसरं मी डोळ्यांदेखत देणार नाही. आता माझं उरलंय कोण, पोरी?"

भरलेलं पिंप एकट्या म्हाताऱ्याच्यानं वळवून होत नाही. त्यांनी पहिल्या पिंपाला खांदा लावला आणि ते तसूभरही हललं नाही. त्यांनी पुन्हा लावला. ती बघत उभी राहिली असती तर पिंपं आजही तिथंच असती. पण त्यांचे गुडघे लटपटत होते, आणि ते पडतील या भीतीनं ती पुढे झाली. दोघांनी मिळून पिंप फिरवलं. वाईन बुचाच्या भोकातून गळगळ करत मोरीत जायला लागली, काळी, आणि मोरीच्या तोंडाशी तिला जांभळा फेस आला. मग दुसरं वळवलं, मग तिसरं. दोघांपैकी कुणीही रडलं नाही. सासऱ्यांनी पाइप घेऊन फरशीवर पाणी मारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सवयीनं तिचे पाय तळघराकडे वळले. खाली उतरली तर तिच्या क्रेटवर सासरे बसलेले. तिला बघून ते उठायला लागले आणि मग राहू दे म्हणून बसूनच राहिले.

"ओतून टाकली ते माझं चुकलं का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही" म्हणून त्यांची सुटका करणं सोपं होतं, आणि तिच्या ते ओठांवरही आलं होतं.

"हो, बाबा," ती म्हणाली, आणि दुसरं क्रेट ओढून त्यांच्याशेजारी बसली.