घाट बंद ठेवला तेव्हा

आखाती युद्धाच्या हिवाळ्यात मी सौदीत तायफहून जेद्दाहकडे उतरणाऱ्या घाटरस्त्यावर इंजिनिअर होतो. वादळी पावसानंतर कडे तपासायचे आणि रस्ता उघडायचा की नाही ते सांगायचं, हे माझं काम. अशाच एका पावसात एका वळणावरच्या कड्याला माथ्याजवळ नवी भेग पडली. मी भेगेवर प्लास्टरची आडवी पट्टी मारली. कडा सरकला तर वाळलेली पट्टी तडकते. म्हणून ती वाळेपर्यंत वाट बघायची.

पण वाट बघायला वेळ होता कुणाला? रियाध-दम्मामकडे क्षेपणास्त्रं येत होती आणि माणसं गॅस-मास्कचे खोके मांडीवर घेऊन जेद्दाहचं विमान गाठायला निघाली होती. दुसरा रस्ता पुरानं तोडलेला. आमचा सौदी मॅनेजर सारखा येऊन म्हणायचा, "भेग तर तेवढीच दिसते. खलास, उघडून टाक." ओली पट्टी काय डोंबल सांगणार? हे त्याला समजावून माझं तोंड दुखलं.

त्यात दुपारी दम्मामहून ताई आणि भावोजी येऊन थडकले. ताईला सातवा सरत आलेला. संध्याकाळचं विमान चुकलं तर पुढची जागा कधी मिळेल देव जाणे, आणि फार दिवस गेले तर तिला विमानात घेणारही नव्हते. घाटाच्या फाटकावर घरचाच माणूस आहे म्हणून भावोजी निर्धास्त होते.

"आपल्या कसाऱ्याला दर पावसाळ्यात दरडी पडतात," ते म्हणाले. "म्हणून घाट बंद करून बसतं का कोणी? एक गाडी सोड."

"एक सोडली की मागच्या सगळ्या सोडाव्या लागतील."

"तिकडे डोक्यावर क्षेपणास्त्रं, आणि तू इथे दगडांची काळजी करत बस."

मला संताप आला, पण मी फाटक उघडलं नाही. कडा कोसळला असता तर मी शहाणा ठरलो असतो. तो कोसळला नाही. विमान मात्र गेलं. पुढे जागा मिळाली, भाचा नाशकातच जन्मला, पण भावोजी अजूनही चारचौघांत 'विमान चुकवणारा मेहुणा' अशीच माझी ओळख करून देतात.

रात्री दोघं माझ्याकडेच राहिली. सकाळी पट्टी खडखडीत वाळली होती, अखंड होती. सैल दगड पाडून घेतले आणि मी रस्ता उघडला.

ताईनं गाडीची काच खाली केली. "पट्टी तुटली नाही, म्हणजे आता धोका नाही ना?"

"तसं नसतं गं. रात्रीत कडा सरकला नाही, एवढंच."

"मग तू जाशील त्या कड्याखालून?"

"रोजच जातो."

"आत्ता?"

मी मागचं दार उघडून आत बसलो. त्या वळणावर भावोजी गाडी हळू करून कड्याकडे बघत होते. ताईनं वर पाहिलंच नाही. ती मागे वळून माझा चेहरा बघत होती. माझ्या कपाळावर घाम आला होता. तो तिला दिसला, आणि तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले.